सहाव्या तुकड्याचं बटण

थोरली — ...चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, आणि ही शहाऐंशी! संपल्या पायऱ्या! लावला हात खांबाला. बघितलंस ना? नुसतं बोट नाही टेकवलं, चांगली थाप मारली.

धाकटी — बघितलं. आता नाचू नका, ताई. गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारी आहे. आजच इथे गुडघा काढून ठेवू नका.

थोरली — नाचू नको तर काय शोकसभा भरवू? बारा वर्षं! दर वर्षी एक तुकडा, असे बारा तुकडे चालून ही अख्खी डोंगरवाट शिवून काढली आपण. आपण दोघींनी! आणि घरी आपले नवरे, ते दोघे भाऊ, वीस वर्षं भिंतीवर नकाशा लावून त्याच्यावरून बोट फिरवतायत. बोटाचं टोक झिजलं त्यांचं, चपलेचा तळ आहे तसाच.

धाकटी — तुकडे नाही, ताई, टप्पे. तुकडे कापडाचे असतात.

थोरली — झाली शाळा सुरू! मी चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेली बाई. मला डोंगरसुद्धा ताग्यासारखा दिसतो. मास्तरणीने नोकरी संपेपर्यंत पोरांना शिकवावं, जावेला शिकवायला येऊ नये.

धाकटी — तीस तारखेला संपते आहे नोकरी.

थोरली — माहितीय.

धाकटी — आणि एकतीसला आम्ही कायमचे लेकीकडे...

थोरली — माहितीय म्हटलं ना! आज त्याचं नाव काढायचं नाही. आज घंटा वाजवायची. ही बघ, केवढी मोठी. वाजवू?

धाकटी — पाटीवर लिहिलंय, एकदाच वाजवावी.

थोरली — एकदा दाबून वाजवली की आपोआप चार वेळा वाजते. हे घे!

रखवालदार — अहो! अहो, पुरे! डोंगरपलीकडच्या मुक्कामघरात ऐकू गेली असेल. घंटा एकदाच वाजवायची असते, आजी.

थोरली — आजी? कोण आजी? हिला म्हणालास का?

धाकटी — मी अठ्ठावन्न वर्षांची आहे, ताई.

थोरली — मग मी कुठे नव्वदीची आहे? नीट बघ रे मिशीवाल्या. सहा तास चढून आलेय. आजी असते तर तुझ्या पाठीवर बसून आले असते.

रखवालदार — चुकलं, मावशी. या, आत या. बूट बाहेर. काठ्या त्या कोपऱ्यात. चहा ठेवतो. बारावा टप्पा का?

थोरली — बारावा आणि शेवटचा. पितळी बिल्ला काढून ठेव. दोन. आणि पुसून दे, मला मळका बिल्ला चालायचा नाही. रविवारी आमच्या गल्लीला जेवण आहे. सगळ्या बाजारपेठेला सांगून आलेय, बिल्ला लावून दारात उभी राहणार म्हणून. तो समोरचा शिंपी, मेला, तोसुद्धा येणार आहे. त्याला खास बोलावलंय.

रखवालदार — बिल्ला देणं माझं काम आहे. पण आधी पुस्तिका. बारा चौकोन, बारा शिक्के. नियमानुसार तपासून मगच देता येतो.

थोरली — तपास की! ही घे. कापडी खोळ मी शिवलीय, चहाचा हात लावू नकोस. दोघींची मिळून एकच पुस्तिका आहे. शिक्के सगळे मी मारलेत. हिला एकसुद्धा मारू दिला नाही.

धाकटी — खरं आहे. बारा वर्षांत मला रबराला हात लावू दिला नाही.

थोरली — तू वाकडा मारला असतास.

रखवालदार — एक. दोन. तीन. चार. पाच... हं.

थोरली — हं काय? पुढचा आकडा विसरलास?

रखवालदार — मावशी, हा सहाव्या चौकोनातला शिक्का.

थोरली — सहाव्या चौकोनात सहाचा शिक्का असणार. तिथे काय तुझ्या मिशीचा फोटो असणार?

रखवालदार — इथे तीन आहे.

थोरली — पुसट झालाय. त्या वर्षी ओलावा होता, धुकं होतं, कागद फुगला. चष्मा लाव.

रखवालदार — चष्मा लावलेलाच आहे. तीनच आहे. तिसऱ्या चौकोनातही तीन, सहाव्यातही तीन. तिसऱ्या टप्प्याच्या शिक्क्यावर खाली पाइनचं झाड असतं, सहाव्याच्या शिक्क्यावर पूल. इथे दोन्हीकडे झाड आहे.

थोरली — झाड वाढून पुलाएवढं झालं असेल. सहा वर्षं झाली.

रखवालदार — शिक्क्यातली झाडं वाढत नाहीत, मावशी.

थोरली — अगं मास्तरीण, तू तोंड शिवून का बसलीस? सांग ना याला. एरवी माझ्या प्रत्येक शब्दाला लाल शाई लावतेस!

धाकटी — चहा छान झालाय.

थोरली — चहा गेला खड्ड्यात! सहा आहे की तीन?

धाकटी — तीन आहे, ताई.

थोरली — काय?

धाकटी — तीन. आपण तिसरा टप्पा दोनदा चाललो. एकदा या टोकाकडून त्या टोकाला, आणि तीन वर्षांनी त्या टोकाकडून या टोकाला. सहावा आपला झालाच नाही.

रखवालदार — असं आजवर कोणी केलं नव्हतं. लोक टप्पा गाळतात. तोच उलटा चालून कोणी येत नाही.

थोरली — मी स्वतः खांबावरची पेटी उघडून शिक्का हातात घेऊन बघितला होता! रबरावर सहा होता. ढळढळीत सहा. मला काय आकडे वाचता येत नाहीत? शाळेत चारच वर्षं गेले, पण मापं कोणाची चुकली नाहीत आजवर!

धाकटी — रबरावर सहाच दिसणार, ताई. रबरावर आकडा उलटा कोरलेला असतो, आरशात बघितल्यासारखा. उलटा तीन म्हणजे सहा. पहिलीतली पोरं रोज हेच करतात, तीन काढायला सांगितला की सहा काढतात. तीस वर्षं तेच पुसतेय मी.

रखवालदार — थांबा, बघू दे. माझ्याकडे जुने शिक्के दुरुस्तीला आलेत... हा तीनचा. अरे! खरंच की! वीस वर्षं इथे बसलोय, कधी रबराकडे बघितलंच नाही.

धाकटी — म्हणून तर तीन आणि सहाचं जमत नाही. छत्तीस लिहिला की दोघं पाठीला पाठ लावून बसतात. उलटा लिहिला की समोरासमोर येतात, त्रेसष्ट.

थोरली — त्रेसष्ट माझं वय आहे. ते मला शिकवू नकोस.

रखवालदार — पण मावशी, मुळात तुम्ही सहाव्याऐवजी तिसऱ्याला पोचलात कशा? दोन्हींच्या मध्ये बसने दोन तासांचं अंतर आहे.

थोरली — त्याला कंडक्टर जबाबदार!

धाकटी — कंडक्टर बिचारा. सांगू का, ताई?

थोरली — सांग, सांग. आता लाज राहिलीच कुठे? एका मिशीवाल्यापुढे जायची ती गेली.

धाकटी — आम्ही दोघी सख्ख्या जावा. एका घरात, वरखाली. आणि तेव्हा आमचा अबोला होता. घरात चार वर्षं, वाटेवर पाच वर्षं.

रखवालदार — अबोला? आणि एकत्र चालत होतात?

थोरली — एकत्र कोण चालत होतं? मी माझ्या नवऱ्याला दाखवून द्यायला घरातून निघाले. ही तिच्या नवऱ्याला दाखवून द्यायला निघाली. एकमेकींना पत्ता नाही. मी बसमध्ये चढले तर ही बया तिथे खिडकीपाशी! आणि जागा एकच रिकामी, हिच्या शेजारची.

धाकटी — उतरूही शकत नव्हतो. आधी उतरेल ती हरली.

थोरली — मग काय, बसले. आणि चालले. ती पुढे दहा पावलं, मी मागे दहा पावलं.

धाकटी — मी पुढे दहा पावलं नव्हते. तुम्ही पुढे होतात.

थोरली — आळीपाळीने. पाच वर्षं एक शब्द बोललो नाही. बोलायचं झालं तर मी झाडाशी बोलायचे. "अरे झाडा, सांग कोणालातरी, पाण्याची बाटली मागे राहिलीय."

धाकटी — आणि मी दगडाशी. "दगडा, सांग त्यांना, बाटली आधीच पिशवीत घातलीय."

रखवालदार — हा... हा... थांबा, चहा नाकात गेला.

थोरली — मिशी पूस. अजून पुढे आहे.

रखवालदार — अबोला कशावरून, ते तरी सांगा.

थोरली — कोटावरून! माझ्या हाताने हिला कोट शिवून दिला. हिच्या शाळेत तपासनीस येणार म्हणून तीन दिवस डोळे फोडून शिवला. अस्तर सगळं हाताने घातलं. आणि ही गेली तो कोट घेऊन समोरच्या शिंप्याकडे! बाही उसवायला! त्याच्याकडे! त्याने दुकानात खुंटीला टांगून ठेवला चार दिवस, मला दिसेल असा!

धाकटी — बाही अर्धा इंच तोकडी होती.

थोरली — माप बरोबर होतं. तुझा हात लांब.

धाकटी — फळ्यावर लिहायला हात वर केला की बाही कोपरापर्यंत सरकायची. तपासनिसांपुढे कशी लिहिणार? आणि तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती.

थोरली — शिंप्याकडे जायची होती!

रखवालदार — आणि कंडक्टर?

धाकटी — सहाव्या वर्षी. मला खिडकी उघडी हवी, ताईंना बंद. एकमेकींशी तर बोलायचं नाही. म्हणून ताई म्हणाल्या, "कंडक्टर, सांगा यांना, खिडकी लावा." मी म्हणाले, "कंडक्टर, सांगा यांना, जीव गुदमरतोय." बिचारा तीन बाकं सोडून उभा. सांगायचा, परत जायचा, परत हाक.

थोरली — सोळा वेळा आला. मी मोजलंय.

धाकटी — सतराव्या वेळी त्याने बस थांबवली आणि म्हणाला, "आलं तुमचं ठिकाण, उतरा."

थोरली — आलं नव्हतंच! खोटारडा! आम्हाला खाली उतरवल्यावर बसमध्ये टाळ्या वाजल्या. मी कानाने ऐकल्या.

रखवालदार — हा हा हा! अहो, पोट दुखलं!

थोरली — आणि बाहेर धुकं! स्वतःचं नाक दिसेना. खांबावरची पाटी पडलेली. मी पेटी चाचपली, उघडली, रबर डोळ्यापाशी आणलं, म्हटलं, "सहाच आहे, चला." ते झाडाला म्हटलं.

धाकटी — झाड नव्हतं. तो खांब होता.

थोरली — धुक्यात काय कळतंय! आणि मग पन्नास पावलं गेले आणि मागे चाहूलच नाही. थांबले. वाट बघितली. बाजूला दरी, हे मला माहीत होतं.

रखवालदार — मग?

थोरली — मग काय.

धाकटी — मग ताईंनी हाक मारली. पाच वर्षांनी पहिली. "अगं मास्तरीण, आहेस का?" मी म्हटलं, "आहे." मग त्यांनी गळ्यातली मापाची टेप काढली, एक टोक स्वतःच्या हाताला गुंडाळलं आणि दुसरं धुक्यात टाकलं. म्हणाल्या, "धर. साठ इंचांपेक्षा लांब जायचं नाही."

थोरली — जावेचा कोट परत शिवायला घ्यायचा झाला तर जाऊ जागेवर हवी ना. म्हणून.

धाकटी — हो. म्हणूनच असेल.

थोरली — पण एक सांग. तुला कधी कळलं? की तीन आहे?

धाकटी — संध्याकाळी. मुक्कामघरात तुम्ही पुस्तिका शेकोटीपाशी वाळवायला ठेवली तेव्हा. छाप बघितला. झाड बघितलं. तीन.

थोरली — म्हणजे सहा वर्षं! सहा वर्षं तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस? पाच मिनिटं तू चूक दुरुस्त केल्याशिवाय राहत नाहीस! लग्नपत्रिकेत लाल पेनाने वेलांट्या दुरुस्त करणारी बाई तू!

धाकटी — काय सांगणार होते? तुम्ही त्या संध्याकाळी शेकोटीपाशी हसत होतात. कंडक्टरची नक्कल करत होतात. नऊ वर्षांत तुम्हाला माझ्यासमोर हसताना बघितलं नव्हतं. मी म्हटलं, लाल पेन आज पिशवीतच राहू दे. मग उद्या सांगू म्हटलं. मग परवा. मग वर्ष गेलं. मग सातवा टप्पा आला. मग वाटलं...

थोरली — काय वाटलं?

धाकटी — वाटलं, एक राहिलाय ते बरंच आहे.

थोरली — हं. चहा संपला का रे?

रखवालदार — देतो. टोपी काढा की, मावशी, घाम आलाय. इथे टेबलावर ठेवा.

थोरली — ठेव तिकडे. नीट. त्या बटणांना हात नको लावू.

रखवालदार — छान आहेत. अकरा बटणं? एकेक टप्प्याचं एकेक?

थोरली — मग? मला डायरी लिहिता येत नाही. मी बटणं लावते. प्रत्येक तुकड्याला एक, दुकानातल्या बटणांच्या डब्यातलं. हे पहिलं, शिंपल्याचं. हे चौथं, फौजी कोटाचं. अकरावं गेल्या वर्षी लावलं. बारावं आत्ता लावणार. त्याची जागा आधीच खडूने खुणून ठेवलीय.

धाकटी — ताई.

थोरली — काय?

धाकटी — हे सहावं बटण लोंबतंय.

थोरली — झिजलं असेल.

धाकटी — झिजलं नाही. बाकी सगळी बटणं चार-चार वेळा दोरा फिरवून, खाली गाठ मारून लावलीत. ओढली तर टोपी फाटेल, बटण निघणार नाही. हे एकच बटण एका पांढऱ्या दोऱ्यावर आहे. हा कच्चा टाका आहे. कपडा घालून बघायचा बाकी असला की तुम्ही असा टाका घालता. मला शिवण येत नाही, पण तुमच्या दुकानात बसून हे कळायला लागलंय.

थोरली — मास्तरीण, चहा पी.

धाकटी — सहा वर्षं हे बटण कच्च्या टाक्यावर आहे. म्हणजे तुम्हालाही माहीत होतं!

रखवालदार — अरे देवा.

थोरली — तू मध्ये बोलू नकोस, मिशीवाल्या!

धाकटी — ताई! माहीत होतं?

थोरली — होतं! होतं, झालं समाधान? त्या तिसऱ्या तुकड्यात कड्यापाशी लोखंडी साखळी आहे ना, तिथेच कळलं. तिसऱ्या वर्षी त्या साखळीला मी कापडाची लाल पट्टी बांधली होती. खाली उतरताना हात धरायला तू आलीस, म्हणून रागाने. मी बांधली आणि साखळीला म्हटलं, मला पट्टी धरून उतरता येतं. तीच पट्टी. माझी गाठ. माझी गाठ मला कळणार नाही? धुक्यात हात लागला तेव्हाच कळलं, इथून मी गेलेय.

धाकटी — मग बोलला का नाहीत?

थोरली — कशी बोलू? हातात टेप, टेपच्या दुसऱ्या टोकाला तू. पाच वर्षांनी बोलणं सुरू झालेलं. चूक कबूल केली असती तर तू एवढंसं हसली असतीस, ओठाच्या कोपऱ्यातून, फळ्याकडे बघून हसतेस तशी. मग मला परत झाडाशी बोलावं लागलं असतं.

धाकटी — मी हसले नसते.

थोरली — आत्ता हसतेयस!

धाकटी — आत्ता... आत्ता वेगळं आहे! ताई, मी सहा वर्षं तुमची कीव करत होते! म्हटलं, बिचाऱ्या, त्यांना माहीतच नाही, सगळ्या बाजाराला सांगत फिरतात!

थोरली — आणि मी तुझी! म्हटलं, एवढी शिकलेली बाई, एकच वाट दोनदा चालली आणि कळलंसुद्धा नाही! घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, शाळेत जाऊन काही होत नाही बघा!

रखवालदार — थांबा, थांबा, मी बाहेर जाऊन येतो. मला श्वास घेता येत नाहीये...

थोरली — बस खाली! आणि मघाशी माझ्यावर रुबाब केलास ना, झाड वाढत नाही म्हणून? मला माहीतच होतं. म्हटलं, कोण बघतंय पुसट शिक्क्याकडे. लोकांना फसवायला मला काही वाटत नाही, आधी सांगून ठेवते. पण बटण लावायला सुई घेतली की हात ऐकेना. घरी चार वेळा पक्कं लावायला बसले. चार वेळा हाताने कच्चाच टाका घातला.

धाकटी — ताई, डोळे पुसा. हसून पाणी आलंय.

थोरली — तुझ्याही आलंय. तू आधी पूस.

रखवालदार — मावशी, ऐका. वीस वर्षं नियमाने काम केलंय मी. पण आज नियम जरा बाहेर उभा राहू दे. सहाचा शिक्का पण आहे माझ्याकडे, दुरुस्तीला आलेला. हा बघा, पूल आहे खाली. या चौकोनात तीनच्या वर मारतो. पुसट होईल, पण मोठा साहेब काही भिंग लावून बघत नाही. दोन बिल्ले घ्या, रविवारी दारात उभ्या राहा. अकरा टप्पे चाललात आणि एक दोनदा चाललात. बारा वेळा चाललात ना? मारू?

धाकटी — घ्या, ताई. रविवारी समोरचा शिंपी येणार आहे. बिल्ला नसला तर तो वर्षभर तेच बोलेल.

थोरली — वर्षभर? मरेपर्यंत बोलेल.

धाकटी — म्हणून म्हणते. माझ्यासाठी नको, तुमच्यासाठी घ्या. किंवा असं करू. सहावा इथून बसने चार तास. दोन दिवसांचा टप्पा. आज गुरुवार. उद्या सकाळी निघालो तर शनिवारी रात्रीपर्यंत परत घरी. गुडघ्याला पट्टी बांधू. खिडकी तुम्ही म्हणाल तशी.

थोरली — खिडकी बंद?

धाकटी — बंद.

थोरली — एवढं कबूल करतेस म्हणजे घाई आहे तुला. एकतीस तारखेच्या आत सगळं आवरून टाकायचंय. कपाट आवरलं, भांडी वाटली, शाळा आवरली, आता जाऊपण आवरायचंय.

धाकटी — असं नाही, ताई.

थोरली — ऐक माझं. चाळीस वर्षं दुकान चालवलं. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं, माप देतं, कोट शिवून झाला की घेऊन जातं, आणि परत दोन वर्षं फिरकत नाही. पण कोट अर्धा राहिला असला, एकदा घालून बघायचा राहिला असला, तर? परत येतं. पाऊस असो, ऊन असो, येतं. यावंच लागतं. म्हणून मी कुठल्या लाडक्या गिऱ्हाईकाला पहिल्याच खेपेला सगळं देत नाही. काहीतरी एक राखून ठेवते. एक काज, एक बटण.

धाकटी — मी न बोलावताही आले असते. लेकीचं गाव काही परदेश नाही.

थोरली — असं म्हणणारी गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिलीत. "येते हो काकू" म्हणतात, आणि मग समोरच्या शिंप्याकडे दिसतात.

धाकटी — ते एकदाच झालं, ताई. पंधरा वर्षांपूर्वी.

थोरली — एकदाच झालं म्हणूनच लक्षात आहे. मिशीवाल्या, तो शिक्का पेटीत ठेव. बिल्ले आत ठेव. चांगले पुसून ठेव, पुढच्या वर्षी येतो.

रखवालदार — खरंच नको?

थोरली — नको म्हणजे नको. तुझा नियम काही वाईट नाही. आणि तो फोन दे इकडे. ...हॅलो? मी बोलतेय. पोचलो. पोचलो म्हटलं ना, काय ओरडताय? भाऊजी शेजारी आहेत का? ऐका दोघंही. बिल्ला नाही मिळाला. नाही. एक तुकडा राहिलाय. सहावा. मी चुकले. काय? परत म्हणू? एकदाच म्हणणार, ऐकलं नसेल तर तुमचं नशीब. जेवण रद्द नाही! अकरा तुकड्यांचं जेवण म्हणून सांगा. आणि त्या शिंप्याला सांगा, बिल्ला नाही मिळाला, मी स्वतः सांगेन, त्याने हसायला यावं. आणि नकाशावरून बोट उचला. सहाव्या जागेवरची टाचणी काढून टाका. काढली? बरं. ठेवते.

धाकटी — ताई, तुम्ही "मी चुकले" म्हणालात.

थोरली — फोनवर म्हणाले. तुला नाही म्हणाले.

धाकटी — आणि गुडघा? ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, पुढचं वर्षभर डोंगर नाही. कदाचित नंतरही नाही.

थोरली — वर्षभर नाही म्हणजे वर्षाने आहे. आणि नाहीच वाकला, तर टेप आहे. तू पुढे चालायचं, मी मागून येईन. साठ इंचांपेक्षा लांब जायचं नाही.

धाकटी — नाही जाणार.

रखवालदार — मावशी, नोंदवहीत लिहावं लागेल. इथे नावाच्या पुढे "पूर्ण" किंवा "अपूर्ण". काय लिहू?

थोरली — अपूर्ण काय? फाटका शब्द आहे तो. पेन इकडे दे. मी लिहिते.

धाकटी — तुम्ही लिहिणार?

थोरली — का? चार यत्ता शिकलेय. "बाकी" लिहिता येतं मला. आणि पुढे आकडा. चष्मा दे माझा. सरक, उजेडात उभी राहू नकोस. बा... की... आणि सहा. झालं. बघ.

(धाकटी वहीवर वाकते. आकड्यावरून बोट फिरवते.)

रखवालदार — काय झालं, मॅडम?

धाकटी — ताई, हा उलटा काढलात. तीन झालाय.

थोरली — असू दे. वाचणारीला कळलं ना?